टेकडीवर जरा सावकाश चाला: ध्यान-योग करणाऱ्यांसाठी

पुण्यात सकाळी सहाला कुठल्याही टेकडीवर जा, माणसं दिसतातच. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेरची टेकडी, सगळीकडे. पण निम्म्यांच्या कानात इअरफोन, काही जण फोनवर ऑफिसचं बोलतायत आणि उरलेल्यांचं लक्ष घड्याळातल्या स्टेप्सवर. व्यायाम म्हणून ते चांगलंच आहे, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही घरी योगासनं, प्राणायाम किंवा ध्यान करत असाल ना, तर याच टेकडीचा अजून एक उपयोग आहे, आणि तो आपण फुकट घालवतोय असं मला मनापासून वाटतं.

चालता चालता ध्यान ही काही नवी गोष्ट नाही. बौद्ध भिक्षू चंक्रमण करतात, म्हणजे ठरलेल्या छोट्या वाटेवर पावलांकडे लक्ष ठेवून ये-जा करायची, बोधगयेला तशी जागाही दाखवतात. जपानमध्ये १९८२ साली तिथल्या वनखात्यानेच लोकांना जंगलात निवांत फिरायला सांगायला सुरुवात केली, शिनरिन-योकू म्हणतात त्याला. आपल्याला तर घरापासून रिक्षाच्या अंतरावर टेकडी आहे.

आता करायचं कसं ते सांगते. पहिली दहा-पंधरा मिनिटं नेहमीसारखंच चाला, चढ चढा, अंग गरम होऊ दे, डोक्यातली कालची भांडणं आणि आजची कामं काय फिरायची ती फिरू देत. वर सपाटी लागली की फोन सायलेंट करून खिशात टाका (घरी ठेवू नका, एकटं असताना फोन जवळ हवाच) आणि साधारण तीस-चाळीस पावलांचा एक तुकडा निवडा जिथे फार वर्दळ नाही. तिथे वेग निम्मा करा. टाच टेकली, तळवा टेकला, चवडा उचलला, एवढंच बघायचं. मुरूम असेल तर करकरतो, काळ्या कातळावर पाऊल वेगळं पडतं, गवतावर अजून वेगळं, ते पायाला कळतंय का बघा. श्वास पावलांशी मुद्दाम जुळवायला जाऊ नका, प्राणायाम करणाऱ्यांना ती सवय असते आणि मग सगळं लक्ष मोजण्यातच जातं. श्वास आपला आपण चालू दे.

दोन-चार फेऱ्या झाल्या की लक्ष पायातून काढून कानात आणा. आधी ट्रॅफिकच ऐकू येईल, ठीक आहे, तोही ऐका, त्यावर चिडायचं नाही. मग हळूहळू तांबटाची टुक टुक, सातभाईंचा कलकलाट, वेताळ टेकडीवर असाल तर मोराची हाक वेगवेगळी कळायला लागते. नावं माहीत नसली तरी काही अडत नाही, आणि फोन काढून ॲपमध्ये पक्षी शोधत तर अजिबात बसू नका, ते घरी आल्यावर.

शेवटी डोळे. एकच झाड धरा आणि दर वेळी त्याच्याकडेच जा, माझ्या मते या सगळ्यातला हाच भाग सगळ्यात मोलाचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पळस फुलतात, उन्हाळा तापला की बहावा पिवळा होतो, आणि टेकडीवर मुद्दाम लावलेल्या, मूळच्या परदेशी गिरीपुष्पाला गुलाबी फुलं येतात, ती लांबून सुंदर दिसतात पण त्या झाडाखाली आणि सालईसारख्या इथल्याच झाडाखाली काय काय उगवलंय, कोण फिरतंय ते बघा, फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. असं रोज बघायला लागलं की टेकडीवर रस्ता होणार, झाडं जाणार अशी बातमी आली की पोटात तुटतं, आणि ते तुटायलाच हवं.

मन भटकणारच. भटकलं की "विचार आला" एवढं मनात म्हणायचं आणि परत पायाकडे यायचं, स्वतःला रागवायचं नाही. ज्यांना मांडी घालून बसलं की अस्वस्थ व्हायला होतं त्यांनी आधी हे चालणं करावं आणि मग तिथेच एखाद्या दगडावर दहा मिनिटं डोळे मिटून बसावं, बसणं खूप सोपं जातं. आसनं करणाऱ्यांनी आधी आसनं आणि मग चालणं किंवा उलटं, काहीही चालेल, फक्त पोट भरलेलं नको. आणि बीपी, शुगर, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर त्या याच्यामुळे बंद करायच्या नाहीत, हे गोळ्यांच्या जोडीला आहे.

अनवाणी चालायचा मोह होतो पण टेकडीवर नको, बाभळीचे काटे आणि फुटलेल्या काचा दोन्ही असतात, त्यासाठी बागेतली हिरवळ बरी. गुडघे दुखत असतील तर चढ सोडा, एम्प्रेस गार्डन किंवा विद्यापीठाच्या आवारातली मोठ्या झाडांखालची वाट घ्या, सपाट आहे आणि सावलीही आहे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा पकड असलेले बूट घाला आणि उंच गवतात शिरू नका, घोणस तिथेच असते. मोरांना दाणे, फरसाण काही टाकू नका. संध्याकाळी जात असाल तर शक्यतो कुणाला तरी सोबत घ्या, दोघांनी थोडं अंतर ठेवून न बोलता चालायचं, आणि गप्पा उतरताना मारायच्या, अंधार पडायच्या आत.