बाजाराला आलेली बाई तासभर जास्त थांबली पाहिजे

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं भांड्यांचं दुकान आहे. माहेर नाशिकच्या तांबट आळीतलं, त्यामुळे ठोक्यांचा आवाज कानाला जन्मापासूनचा. लग्न होऊन इथं आले, सासऱ्यांनंतर दुकान आम्ही दोघांनी सांभाळलं, आणि मधली पाच वर्षं मी नगरसेविका होते. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या चुका सांगणार आहे त्यातली माणसं अजून इथंच राहतात, रोज भेटतात.

गाव सुधारायचं म्हटलं की आधी वेशीवर कमान येते, मग चौकात कारंजं, मग पेव्हर ब्लॉक. या तिन्हींच्या ठरावावर मीही हात वर केलेला आहे. पण गल्ल्यावर बसल्यावर दुसरंच दिसायचं. आमच्यासारख्या गावाचं पोट आजूबाजूच्या खेड्यांवर आहे. बाजाराच्या दिवशी मळ्यातली बाई सकाळच्या एसटीने उतरते, मेथीच्या चार जुड्या विकते, किराणा भरते आणि दुपारच्या आत परतीची गाडी धरते. कारण बसायला सावली नाही आणि लघवीला जागा नाही. तीच तासभर जास्त थांबली तर चहा पिते, पोराला चप्पल घेते, आमच्याकडे डब्यावर नाव टाकून घेते. पेठ चालते ती या तासावर. पुढचं सगळं त्या एका तासासाठी आहे.

पहिलं काम फुकट आहे. बाजाराच्या दिवशी पाच मीटरची टेप, एक वही आणि साठीच्या पुढची एक बाई सोबत घ्या. तिच्या हातात भरलेली पिशवी असू द्या. स्टँडपासून बाजारतळापर्यंत तिच्या मागून चाला, वाट तिला ठरवू द्या. ती कुठे कुठे रस्त्यावर उतरली आणि कशामुळे, एवढंच लिहायचं. माझ्यासोबत शेजारच्या मावशी होत्या. सातशे पावलांत त्या अकरा वेळा रस्त्यावर उतरल्या. चार वेळा मोटारसायकली आडव्या, दोनदा दुकानाची वाढवलेली पायरी, तीनदा गटारीवरचा तुटका ढापा, एकदा विजेचा डीपी आणि एकदा कमानीचा खांब. या अकरा ओळी मी सभेत वाचून दाखवल्या तेव्हा पहिल्यांदा कुणी मध्ये बोललं नाही.

यादी हातात आली की स्वस्तातलं आधी उरका. ढापे बदलायला निविदांचा मोठा घोळ लागत नाही. पायरी मागे घ्यायला दुकानदाराशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं दुसऱ्या दुकानदाराने केलं तर बरं. आम्ही आमचीच पायरी आधी फोडली. चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, म्हणजे पिशव्या घेतलेल्या दोघी समोरासमोर आल्या तरी अडत नाहीत. पदपथाची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. ठेकेदाराला फूट-दीड फूट उंच करायला आवडतं, भक्कम दिसतं म्हणून. पण गुडघे दुखणारी बाई त्यावर चढत नाही, ती खालूनच चालते.

रस्ता रुंद करण्याची घाई करू नका. आमच्याकडे केला, त्यात सहा जुने कडुनिंब गेले. रुंदावलेल्या जागेत महिन्याभरात मोटारसायकली लागल्या, आणि सावलीत बसणाऱ्या भाजीवाल्या दुसरीकडे पांगल्या. त्या ओळीतल्या सगळ्याच दुकानांचा धंदा त्या वर्षी बसला.

आता मुतारीबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण सभेत यावर कुणाला बोलायचं नसतं. आमची पहिली महिला मुतारी मटण मार्केटच्या मागे बांधली. गुळगुळीत फरशी, आरसा, उद्घाटनाचा फलक. चार महिन्यांत कुलूप, आणि किल्ली मुकादमाच्या घरी. चूक जागेची होती. तिकडे दिवसाही एकटी बाई जायची नाही. दुसरी बांधताना आम्ही आधी बाजारातल्या बायकांना विचारलं. त्यांनी जागा दाखवली ती फुलवाल्यांच्या ओळीच्या टोकाला, चार माणसांच्या नजरेत येणारी. दार रस्त्याकडे नको म्हणाल्या, म्हणून पुढे आडोशाची भिंत घातली. झरोका डोक्याच्या वर. आत पिशवी अडकवायला खुंटी, हे एका बाईने सांगितलं. ओल्या फरशीवर मेथी ठेवता येत नाही, म्हणून ती पिशवी दातात धरायची. नकाशा काढणाऱ्या कुठल्या अभियंत्याला हे सुचलं असतं? वर पाण्याची टाकी, कारण नळाला एक दिवसाआड पाणी. किल्ली आणि महिन्याचं मानधन एका फुलवालीकडे. ती सकाळी सहाला उघडते, तिला तिथेच दिवसभर बसायचं असतं. सेप्टिक टाकी दर तीन वर्षांनी उपसायची, ती तारीख भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. वहीत लिहिलेली तारीख मुख्याधिकारी बदलला की हरवते.

झाडं पावसाळ्याच्या तोंडावर लावा, पण त्याआधी दोन उन्हाळ्यांच्या पाण्याची सोय ठरवा. खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल. बुंध्याभोवती चार फुटांचा चौकोन मातीचाच राहू द्या, पेव्हर ब्लॉकवाले अगदी खोडापर्यंत येतात. पेठेत कडुनिंब आणि करंज उत्तम, सावली दाट आणि फारशी निगा लागत नाही. विजेच्या तारांखाली कांचन. वड-पिंपळ बाजारतळाच्या मोकळ्या कडेला. गुलमोहर दिसतो छान, पण मुळं वरवर पसरतात आणि वळवाच्या वाऱ्यात तो पडतो, टपरीवर पडला की पुढचं काय सांगायचं. उभं झाड तोडायचा प्रस्ताव आला तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली परवानगी लागते आणि हरकत घेता येते. ती लेखी घ्या आणि पोच घ्या.

बसायला बाकडी ठेवा, भिंतीकडे पाठ करून, सावलीत, माणसं जाता-येता दिसतील अशी. आमच्या दुकानाबाहेर मी एक लाकडी बाकडं आणि माठ ठेवला. डब्यावर नाव टाकायला दहा मिनिटं लागतात. पूर्वी बायका उभ्या राहून ‘पुढच्या बाजारी घेऊन जाईन’ म्हणायच्या. बाकडं आल्यावर बसू लागल्या. मशीनची घरघर ऐकत ‘काना नीट द्या हं’ म्हणत अक्षर न् अक्षर बघायच्या, आणि उठताना एखादी पळी, एखादं झाकण घ्यायच्या.

रस्त्यावर विकणाऱ्यांना हुसकावलं की गाव स्वच्छ होतं, हा समज दुकानदारांतच जास्त आहे. मी दुकानदार आहे आणि सांगते, भाजीवाल्या गेल्या की गिऱ्हाईक पण जातं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते. तीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. समिती कागदावर असेल तर तिची शेवटची सभा कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. बसायच्या जागा आखताना पांढरे पट्टे मारून दोन-तीन बाजार निरीक्षण करा, मगच ओटे बांधा. सिमेंटचा ओटा चुकला तर वीस वर्षं चुकलेलाच राहतो.

नाल्याबद्दल माझं मन हळवं आहे. २ ऑगस्ट २०१६ ला नाशिकला गोदावरीचं पाणी भांडी बाजारात शिरलं, तेव्हा भावाने पितळेची घमेली माळ्यावर चढवत फोन केला होता. माझ्या गावात गोदावरी नाही, एक साधा ओढा आहे, आणि त्याच्यावर स्लॅब टाकून गाळे काढायचं सगळ्यांना सुचतं. स्लॅबखालचा गाळ काढता येत नाही. ओढा उघडा ठेवा आणि बाजार संपल्यावर कचरा उचलायची गाडी त्याच संध्याकाळी फिरवा, दुसऱ्या दिवशी नको. नदीकाठच्या गावांनी पाटबंधारे खात्याकडून पूररेषेचा नकाशा मागवून घ्यावा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळीच्या आत शाळा, दवाखाना, गाळे यांचा विचारसुद्धा नको.

एवढं सगळं केलं आणि विकास आराखडा, म्हणजे गावातल्या कुठल्या जमिनीवर पुढे काय होणार ते ठरवणारा पालिकेचा नकाशा, वाचला नाही, तर दहा वर्षांनी जमीनच शिल्लक नसते. हे मी उशिरा शिकले. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांना ३० दिवस मिळतात. नकाशा पालिकेच्या भिंतीवर लागतो, लोक लांबून रंग बघून जातात. तुम्ही जवळ जा. आपल्या प्रभागातले गट नंबर शोधा, कोणत्या गटावर बाग, क्रीडांगण, शाळा, भाजी मंडई यांचं आरक्षण आहे ते वहीत उतरवा. हरकत एक पान पुरे: गट नंबर, काय बदलावं, का. सोबत तुमची अकरा ओळींची वही जोडा. सुनावणीला बोलावतात तेव्हा बाजारातल्या दोन बायका सोबत न्या, त्या बोलल्या की अधिकारी पेन उचलतात.

आरक्षण पडलं म्हणून निर्धास्त राहू नका. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत पालिकेने पाऊल उचललं नाही, तर आरक्षण उठतं. आमचं क्रीडांगण असंच गेलं. नोटीस फायलीत होती, सभेपुढे आलीच नाही, आणि मुलं आता बाजारतळावर क्रिकेट खेळतात. म्हणून प्रत्येक आरक्षणापुढे दहावं वर्ष कधी भरतं ती तारीख लिहा. ही यादी गावातल्या एका वाचनालयात आणि एका चहाच्या दुकानात लावून ठेवा. मग ती लपत नाही.

बाहेरचे पर्यटक आणायचे असतील तर गावात आधीपासून जे आहे तेच धरा. येवल्याला माणसं पैठणीसाठी थेट विणकरांच्या घरी येतात, सिन्नरला गोंदेश्वर आहे, चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल. तिथे पोचणारी वाट आणि मुतारी नीट असली की बाकीचं लोकच करतात. नवीन पुतळा-कमान त्यासाठी लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर अंदाजपत्रकाची सभा साधारण फेब्रुवारीत असते. डिसेंबरातच अर्ज द्या, नंतर आकडे हलत नाहीत. ‘पेठ सुशोभीकरण’ असं मोघम शीर्षक लिहू देऊ नका, त्यात दिवे आणि कमानी बसतात. ‘ढापे ४०, झाडांचे पिंजरे ६०, मुतारी देखभाल मानधन १२ महिने’ असं लिहून घ्या. बांधकामाला निधी सहज मिळतो, देखभालीला मिळत नाही, म्हणून देखभालीची ओळ आधी भांडून घ्या. मी दुसऱ्या वर्षी हे केलं, तेव्हापासून फुलवालीचं मानधन एकदाही थकलेलं नाही. मी आता नगरसेविका नाही, पण सकाळी दुकानाला जाताना किल्लीचा खुळखुळाट ऐकू येतो.