कंपोस्ट बिन विकत घ्यायचा की घरीच करायचा?
गच्चीवर बाग सुरू केली की लगेच डोळ्यात भरतो तो रेडीमेड कंपोस्ट बिन, पण खरं सांगू का, एवढे पैसे घालवायची काही गरज नाही, इमल्शन रंगाची रिकामी 20 लिटरची बादली भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळते, ती घासून धुवा आणि तापलेल्या सळईने तळाला नि बाजूंना भोकं पाडा (हे गच्चीतच करा, प्लास्टिकचा वास डोक्यात जातो). खाली विटांचे तुकडे, त्यावर सुका पालापाचोळा, मग ओला कचरा, वर परत पाला. थोडं आंबट ताक शिंपडा. सुका पाला ओल्या कचऱ्याच्या दुप्पट तरी हवा, वास मारायला लागलं तर समजायचं ओल जास्त झालीय, अजून पाला टाका आणि ढवळा, महागड्या बिनमध्येही हेच करावं लागतं! दोन-तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत तयार.
पैसे खर्चायचेच असतील तर छाटणीची चांगली कात्री घ्या, बोथट कात्रीने जास्वंदीची फांदी चिरडते आणि तिथूनच कुजते. आणि हो, फ्लॅटची गॅलरी अगदीच टीचभर असेल नि शेजारी कटकटे असतील तर मात्र घट्ट झाकणाचा, खाली नळ असलेला बिन घेतलेला बरा.