इलेक्ट्रॉनिक कीअर लावताय? या चुका टाळा

मोर्स हाताला जरा बसली की नव्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, स्ट्रेट की (हाताने दाबायची साधी की) सोडून पॅडलवर उडी मारायची घाई होते. पॅडलला दोन पट्ट्या, एक डिटची (आखूड टोन), एक डाची (लांब टोन); पट्टी दाबली की ते टोन आपोआप मोजून पाठवतो तो कीअर. मारा की, कोण नको म्हणतंय? पण पॅडल रिगला (रेडिओ संचाला) जोडलं की माझा फोन वाजतो आणि गाऱ्हाणी ठरलेली असतात. आपोआप डा-डा सुरू झालं, ‘सी’चा ‘के’ जातोय, मध्येच भलताच डिट येतोय. मॅन्युअलमधलं कीअरचं पान एकदा नीट वाचलं असतं तर यातले निम्मे फोन आलेच नसते.

आधी पिन बघा, मग मेनू

चिंचवडच्या एका पोराचा फोन आला. “काका, रिग वेडी झालीय. माझा सीक्यू कोणालाच कळत नाहीये.” (सीक्यू म्हणजे ‘कोणी आहे का’ अशी सगळ्यांना मारलेली हाक.) गेलो तर पठ्ठ्याने तोवर बरेच उद्योग करून ठेवले होते. पहिल्या दिवशी पॅडलची पिन घातल्या घातल्या डा-डा-डा सुरू झालं, म्हणून त्याने पॅडलच्या कॉन्टॅक्टवर पॉलिश पेपर मारला. चांगला मुलामा खरवडून गेला. मग कोणी सांगितलं म्हणून मेनूत जाऊन ‘की टाइप’ पॅडलवरून स्ट्रेटवर नेला. डा-डा थांबलं, पण आता डिटची बाजू दाबली की सलग टोन आणि डाची बाजू मुकी. म्हणजे रिगमधला कीअर गेला, असं स्वतःच ठरवून त्याने बाहेरचा तयार कीअर मागवला. तो स्ट्रेटवर झकास चालला. तेवढ्यात आणखी एक सल्लागार भेटला, “फॅक्टरी रिसेट मार, सगळं सुधारेल.” रिसेटनंतर की टाइप परत पॅडल!

आता एकामागे एक दोन कीअर लागले. बाहेरच्या कीअरने डा पाठवला की रिगला वाटायचं, डिटचं पॅडल दाबून धरलंय. एका डाचे दोन-तीन डिट. ४० मीटर बँडवर त्याचा सीक्यू म्हणजे नुसती डिटांची माळ. उत्तर येईना म्हणून अँटेनावर संशय घेऊन बालन (अँटेना आणि केबल यांच्यामधला जोड) उघडायच्या तयारीत होता.

मूळ दुखणं काय, तर पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणून पॅडलला लावलेली मोनो पिन. पॅडलला तीन जोडण्या लागतात. साधारणपणे पिनेच्या टोकाला डिट, मधल्या कड्याला डा आणि मागच्या नळीला ग्राउंड. मोनो पिनेत मधलं कडंच नसतं. सॉकेटमधला डाचा कॉन्टॅक्ट थेट ग्राउंडला टेकतो आणि रिग इमानेइतबारे डा पाठवत बसते. पिनेवर काळी रेघ एक दिसली तर मोनो, दोन दिसल्या तर स्टिरिओ. एवढं बघायला चष्मा पुरतो, रिसेट लागत नाही.

माझी पद्धत सांगतो. पॅडलच्या पिनेला लाल टेप. बाहेरचा कीअर किंवा कॉम्प्युटरकडून येणाऱ्या पिनेला पिवळी. लाल लावली तर रिग पॅडलवर, पिवळी लावली तर स्ट्रेटवर. आणि पिन घालण्याआधी ब्रेक-इन (की दाबताच रिग आपोआप प्रसारणावर जाण्याची सोय) बंद. बहुतेक नव्या रिगमध्ये ब्रेक-इन बंद असला की फक्त साइडटोन (आपलाच टोन रिगच्या स्पीकरवर) ऐकू येतो, हवेत काही जात नाही. जोडणी, वेग, मोड सगळं असं घरातल्या घरात ऐकून घ्या. बँडवर सराव करणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

आयांबिक ए की बी

आयांबिक, म्हणजे दोन्ही पॅडल एकत्र दाबून पाठवण्याचे, हे दोन मोड. कोणता चांगला, हा वाद चहावर रात्रभर चालतो. दोन्ही पॅडल एकत्र दाबली की डिट आणि डा आलटून-पालटून जातात, इथपर्यंत दोन्ही मोड सारखेच. फरक बोटं उचलताना पडतो. ए मोडमध्ये चालू असलेला डिट किंवा डा पुरा होतो आणि कीअर थांबतो. बी मोड त्यानंतर उलट जातीचा एक आणखी पाठवतो.

म्हणजे बीवर तयार झालेला माणूस ‘सी’ (डा-डिट-डा-डिट) पाठवताना दुसरा डा चालू असतानाच बोटं सोडतो, शेवटचा डिट कीअर घालतो. त्याला ए मोडवर बसवा, ‘सी’चा ‘के’ होईल आणि ‘आर’चा ‘ए’. सिंहगडावर एका रविवारी असाच एक चांगल्या हाताचा गडी दुसऱ्याच्या रिगवर बसला आणि ‘केक्यू केक्यू’ करत सुटला. बराच वेळ तो पॅडलच्या स्प्रिंगलाच शिव्या घालत होता. उलट, ए-वाला बीवर बसला की त्याच्या ‘एन’चा ‘के’ होतो आणि ‘के’चा ‘सी’.

मी बीवाला आहे, पण तुम्ही माझ्यामागे येऊ नका. तुमच्या रिगमध्ये काय आहे ते बघा. याएसू कंपनीच्या रिगच्या मेनूत ‘एलेकी-ए’ आणि ‘एलेकी-बी’ असे पर्याय सापडतील; काही रिगमध्ये निवडच नसते. जे मिळेल त्यावर हात बसवा आणि मग वर्षभर त्या मेनूत डोकावू नका. आज ए, उद्या बी करणाऱ्यांचा हात कधीच बसत नाही. दोन्ही पॅडल एकत्र दाबतच नसाल तर हा परिच्छेद विसरलात तरी चालेल.

वेग आणि बाकी किरकोळ

हॅमच्या परीक्षेला मिनिटाला ८ शब्दांचा वेग, म्हणून कीअरही ८ वर! त्या वेगाला एक डिट १५० मिलिसेकंदांचा होतो. त्यात लय सापडत नाही, माणूस डिट मोजत बसतो. कीअर १६-१८ वर ठेवा आणि अक्षरांमधली जागा वाढवा. पहिल्याच आठवड्यात २५ वर जाणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

वेट किंवा रेशो (डिट आणि डाच्या लांबीचं प्रमाण) १:३ वरच राहू द्या.

डिट-डा उलटे आले तर मेनूत ‘रिव्हर्स’ करू नका, पॅडलच्या दोन तारांची अदलाबदल करा. नाहीतर दुसऱ्याच्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) फजिती ठरलेली.

फुल ब्रेक-इन (दोन टोनांच्या मधल्या फटीतही समोरचा ऐकू येतो) ऐकायला छान, पण मागे लिनिअर (पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) असेल आणि त्याचा रिले तेवढा चपळ नसेल तर सेमीवरच (पाठवणं थांबल्यावर जरा वेळाने रिग ऐकण्यावर येते) राहा. चालू पॉवरवर रिले उघडझाप करायला लागला की त्याचे कॉन्टॅक्ट जळतात.

शेवटचं, भलत्याच डिटांचं. पॉवर ५ वॅटवर आणून बघा. १०० वॅटवर येणारे डिट ५ वर गायब झाले तर पॅडलच्या वायरीतून आरएफ (आपलाच रेडिओ सिग्नल) घुसतोय. वायर आखूड करा, शील्डेड वापरा, फेराइटवर चार-पाच वेढे द्या, आणि सॉकेटपाशी डिट-ग्राउंड, डा-ग्राउंड असे ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर टाका. दोन्ही पॉवरला डिट येतच असतील तर कॉन्टॅक्टमध्ये धूळ आहे किंवा फट फार कमी ठेवलीय. कोऱ्या कागदाची पट्टी मध्ये धरून ओढा, फट केसभर वाढवा, मग फोन करा.