पाऊण इंच आणि वर एक सूत

नातवाचं दुपटं शिवायला घेतलं तेव्हा हिशेब अगदी सोपा वाटला होता. तांबडा-पांढरा त्रिकोण जोडून 3 इंची चौकोन, असे आठ आडवे, आठ उभे, म्हणजे 24 इंच. मायेसाठी, म्हणजे शिलाईत जाणाऱ्या कापडासाठी, दोन्हीकडे पाव-पाव इंच धरून साडेतीन इंची चौकोन कापले. पहिली ओळ जोडून टेप लावला, तर जेमतेम 21 इंच! इंदूरच्या शीतलामाता बाजारातून हौसेनं आणलेलं कापड, सगळं कापून बसले होते.

घरात तेव्हा कपाटाचं काम चालू होतं. सुतारानं तुकडा उलटा-पालटा करून पाहिला न् म्हणाला, "बाईजी, तिरछे में ज्यादा जाता है." मग मी इंच सोडून सुतात मोजायला बसले. 8 सूत म्हणजे एक इंच, पाव इंच म्हणजे 2 सूत.

बाहेरच्या शिलाया सरळ असतात. दोन बाजूंचे 2 अन् 2, चार सूत गेले. मधली शिलाई मात्र कर्णावर येते, तिथली 2 सुतांची माया बाजूवर मोजली तर 2 गुणिले 1.414, म्हणजे जवळजवळ 3 सूत खाते. हेच मी धरले नव्हते. चार आणि तीन सात. म्हणून तयार मापात पाऊण इंच आणि वर एक सूत मिळवायचं. 3 इंचासाठी 3 इंच 7 सूत.

दोन्ही रंगांचे चौकोन सुलट बाजू आत करून ठेवा, कर्ण आखा, त्याच्या दोन्हीकडे 2 सुतांवर शिवा आणि आखलेल्या रेघेवर कापा. दोन तुकडे मिळतात. एक उघडून इस्त्री करा, गडद रंगाकडे माया पाडून. तो साडेतीन इंच भरला पाहिजे, कडा शिवल्यावर 3 राहतो. नाही भरला तर पुढचे कापू नका, आधी मशीन बघा. दाबाच्या पायाची कड बरोबर पाव इंचावर असतेच असं नाही. मी सुईपासून 2 सूत मोजून मशीनच्या सुईखालच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावली आहे.

हात बसला नसेल तर सात सुतांऐवजी सरळ एक इंच वाढवा आणि नंतर छाटा. मी अजून तसंच करते.

एकदम आठ तयार चौकोन हवे असतील तर माप दुप्पट, 7 इंच 6 सूत. दोन्ही कर्णांच्या दोन्ही बाजूंना शिवायचं, मग मधोमध उभं-आडवं आणि शेवटी कर्णांवर कापायचं. चारही कडा शिवून कर्णांवर कापायची पद्धत मी टाळते. सगळ्या कडा उरेब, म्हणजे विणीला तिरक्या येतात, जुन्या सुती साडीच्या तर इस्त्रीखालीच ताणल्या जातात.

36 इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, 3 इंच 7 सुतांचे नऊ चौकोन बसतात. अशा दुपट्याला प्रत्येक रंगाचे 32 लागतात, म्हणजे चार पट्ट्या, साडेपंधरा इंच. अर्धा मीटर पुरे, पण तांबडं आधी धुऊन घ्या.