दुमजली हॉटेलच्या जागी सहा-सात मजले: कोकण किनाऱ्यावर आधी काय तपासायचं

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले इथल्या बाजारपेठांत चिऱ्याच्या भिंतींची, मंगलोरी कौलांची, तळमजला अधिक एक अशी जुनी हॉटेलं आणि लॉज अजून उभी आहेत. पाडून नवं बांधायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल त्या प्रमाणाचा, हिशोब मांडला जातो. तो शेवटी मांडा. भरतीरेषा, आगीच्या बंबाचा रस्ता आणि जांभ्याखालची माती या तीन गोष्टींवर मजले ठरतात.

कागदांचं थोडक्यात. मालमत्ता पत्रकावर सगळ्या वारसांची नोंद हवी, नगर भूमापनची हद्द कायम मोजणी हवी आणि विकास आराखड्यातल्या रस्तारुंदीत जागेचा किती भाग जातो ते लेखी हवं. तळमजल्यावर जुने भाडेकरू दुकानदार असतील तर त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं संरक्षण असू शकतं. नव्या गाळ्याचं चटईक्षेत्र आणि मधल्या काळातलं भाडं नोंदणीकृत करारात येईपर्यंत कौलाला हात लावू नका.

समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला किनारी पट्टा, लागतो आणि खाडीकाठही त्यात येतो. अंतर टेपने मोजून चालत नाही. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या 1:4000 नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर बसवून घ्यावा लागतो. सीआरझेड-2 मध्ये, म्हणजे आधीच बांधकामं झालेल्या शहरी भागात, नवं बांधकाम सध्याच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या रेषेच्या जमिनीकडच्या बाजूलाच होतं, त्यामुळे जुनं हॉटेल अधिकृत असल्याचा मंजूर नकाशा हा सगळ्यात मोलाचा कागद. शिवाय 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेने या पट्ट्यात ती निघाली त्या दिवशीचाच एफएसआय धरला आहे. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीतले वाढीव आकडे तिथे परस्पर लावले की प्रस्ताव परत येतो.

आता आगीचं. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे 15 मीटर आणि त्यावरची इमारत उंच गणली जाते. मग दोन जिने, अग्निशमन लिफ्ट, स्प्रिंकलर, पंप आणि टाक्या हे सगळं येतं, हॉटेलचा जिनाही दीड मीटर रुंद लागतो. बंबासाठी 6 मीटर मोकळी, 45 टन पेलणारी जागा हवी. 24 मीटर रुंद प्लॉटमध्ये दोन्ही बाजूंना 6 मीटर सोडले की 12 उरतात. मधे व्हरांडा आणि दोन्हीकडे खोल्या त्यात जेमतेम बसतात. प्लॉट 20 मीटर असेल तर 8 उरतात आणि खोल्या एकाच बाजूला येतात. अशा जागेवर 15 मीटरच्या आत राहणंच बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं.

सगळ्यात जास्त पैसा आणि लक्ष जमिनीखाली द्या. सड्यावरचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कातळ पठारावरचा, जांभा वरचे काही मीटर कडक असतो, खाली मऊ होत जातो आणि त्याच्या बुडाशी पांढरट-गुलाबी, भिजली की साबणासारखी होणारी चिकणमाती असते. मग कुजलेला दगड आणि त्याखाली पक्का पाषाण. जुन्या दोन मजल्यांचं ओझं वरच्या कडक थराने पेललं, सात मजल्यांचं तो पेलेलच असं नाही. चार कोपरे आणि मध्य असे पाच बोअर घ्या, दर दीड मीटरला एसपीटी (नळी ठोकून, लागलेल्या ठोक्यांवरून जमिनीचा कडकपणा मोजणारी चाचणी) करा, गाभ्याचे नमुने पेटीत जपा. जांभ्यात एसपीटीचे ठोके 50 च्या वर गेले की ‘दगड लागला’ म्हणून यंत्र उचललं जातं. तिथे थांबू देऊ नका, खरी माती त्याच्या खालीच आहे. पाषाणात तीनेक मीटर शिरेपर्यंत बोअर चालू ठेवा. पाण्याची पातळी सप्टेंबरात मोजा, मे महिन्यातली फसवते. मातीचा थर जाड निघाला तर पाषाणापर्यंत पाइल (जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब) न्यावे लागतात. जुनी बुजवलेली विहीर आणि शोषखड्डा कुठे आहे हे जुन्या नोकरांना विचारून नकाशावर मांडा, पायाखाली पोकळी तिथेच निघते.

तळघर टाळा. जांभ्यातला उभा कट उन्हाळ्यात भिंतीसारखा राहतो, त्यामुळे आधार न देताच खणायचा मोह होतो. पावसाळ्यात जांभा आणि माती यांच्या सांध्यातून पाणी झिरपतं, माती सुटते आणि वरचा थर शेजाऱ्याच्या भिंतीसकट खाली येतो. पार्किंग स्टिल्टवर, म्हणजे खांबांवर उचललेल्या इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यात, काढा.

काँक्रीट खाऱ्या हवेचं करा. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेत किमान एम30 ताकदीचं काँक्रीट, घनमीटरला 320 किलो सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.45 पर्यंत आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. लाटांचे तुषार लागत असतील तर एम35, 340 किलो आणि 50 मिलिमीटर. स्लॅग सिमेंट (पोलाद कारखान्यातली मळी मिसळलेलं) क्षारांना चांगलं अडवतं, पण क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किमान 10 दिवस हवं. खाडीची वाळू न धुता वापरली की काही वर्षांतच सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. बोअरवेलच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर असेल तर टँकर मागवा.

पाडताना कौलं, वासे, मग भिंती असं वरून खाली या. चुन्यात किंवा मातीत रचलेले चिरे अख्खे सुटतात आणि कुंपणाला चालतात, सिमेंटमधले फुटतात.

वेळापत्रक पाऊस ठरवतो. खोदाई ऑक्टोबरात धरा आणि मेच्या मध्यापर्यंत जोतं वर काढा. तोवर पाया पुरा होत नसेल तर त्या वर्षी खोदू नका. तरीही खड्डा उघडा राहिलाच, तर शेजारच्या बाजूने आधी भराव करा, कडेला चर काढून वरचं पाणी वळवा आणि उघड्या सळयांना सिमेंटची स्लरी लावून ठेवा.