कापून लावलेला माणूस मागच्या फोटोत मिसळवताना
स्टुडिओत फ्लॅशवर काढलेला माणूस संध्याकाळच्या समुद्रकिनाऱ्यावर बसवला की चिकटवल्यासारखा दिसतो. अशा वेळी हात आधी ह्यू-सॅच्युरेशनकडे (रंगाची छटा आणि भडकपणा बदलायच्या सोयीकडे) जातो, पण खरी तफावत बहुधा काळ्या भागात असते. किनाऱ्यावरच्या सावलीत आकाशाचा निळसर उजेड उतरलेला असतो आणि स्टुडिओतले केस मात्र काळेकुट्ट. म्हणून सुरुवात सावलीपासून करा.

फोटोशॉपमध्ये फाइल १६ बिटवर (रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांवर) घ्या, नाहीतर कर्व्ह, म्हणजे उजेड आणि रंग बदलणारी वक्ररेषा, जोरात ओढल्यावर आकाशात पट्टे उमटतात. आयड्रॉपरचा, म्हणजे रंग मोजायच्या टूलचा, सॅम्पल साइज ‘५ बाय ५ ॲव्हरेज’ ठेवा. एकाच पिक्सेलवर विसंबलात तर नॉइजच (फोटोतले रंगीत दाणेच) मोजला जाईल. माणसाच्या लेयरवर कर्व्हज ॲडजस्टमेंट लेयर (मूळ फोटो न बिघडवता बदल करणारा थर) टाका आणि दोन लेयरच्या मधल्या रेषेवर आल्ट दाबून क्लिक करा, म्हणजे बदल फक्त माणसालाच लागतील.

आता आयड्रॉपर फोटोवर नेऊन इन्फो पॅनलमधले रेड, ग्रीन, ब्लू या क्रमाचे आकडे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे सर्वात उजळ) टिपा. समजा, मागच्या फोटोतली सर्वात गडद सावली ३०, ३४, ४६ आहे आणि माणसाचे केस ९, ९, १०. रेड चॅनलमध्ये इनपुट ९, आउटपुट ३० असा बिंदू द्या. ग्रीनमध्ये ९ ला ३४, ब्लूमध्ये १० ला ४६. उजळ टोकही असंच बांधा. मात्र मावळता सूर्य किंवा आकाश मोजू नका. माणसावर पडायला हवा तोच उजेड झेलणारी पांढरी वस्तू शोधा, म्हणजे होडीची बाजू किंवा चुन्याची भिंत. ती २२६, १९८, १६० असेल आणि शर्ट २४१, २४०, २४२, तर तिन्ही चॅनलमध्ये तसे बिंदू द्या. शर्ट पिवळट होईल. होऊ द्या, त्या उजेडात तो तसाच दिसतो.

चेहरा फारच पिवळा पडला तर ब्लू कर्व्हचा मधला भाग किंचित वर उचला. आरजीबी कर्व्ह (तिन्ही चॅनलचा एकत्र) मात्र ओढू नका, त्याने उजेडाबरोबर रंगाचा भडकपणाही बदलतो. फक्त उजेड हलवायचा असेल तर दुसरा कर्व्हज लेयर घेऊन त्याचा ब्लेंड मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत) ल्युमिनॉसिटी करा.

तपासायला सर्वात वर राखाडी रंगाचा लेयर टाका, मोड ‘कलर’. चित्र कृष्णधवल दिसेल आणि माणूस अजून उठून दिसतोय का, ते लगेच कळेल. पाहून झालं की हा लेयर बंद करा.

नाकाची सावली एका बाजूला आणि होडीची दुसऱ्या बाजूला पडत असेल, तर कर्व्हज काही करू शकत नाहीत. माणसाचा लेयर आडवा फ्लिप करून बघा, नाहीतर दुसरा फोटो घ्या.