बंगल्यामागे पुटिंग ग्रीन करताय? या चुका टाळा

लोणावळा, कर्जत, इगतपुरी, अलिबाग. शनिवार-रविवारी भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांत स्विमिंग पूल आता सगळ्यांकडेच असतो, म्हणून मागच्या अंगणात कृत्रिम पुटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हळूच ढकलून भोकात घालायची गुळगुळीत हिरवळ, टाकायची टूम निघाली आहे. मालकाला ही आठवण होते एप्रिलच्या शेवटी. मेच्या सुट्टीची बुकिंग तोंडावर असतात आणि कंत्राटदार म्हणतो, "दोन दिवसांत करून देतो, साहेब." दोन दिवसांत टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचा गालिचा, अंथरून होतो. ग्रीन होत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक टर्फच्या खाली होते. लोणावळ्यातल्या एका बंगल्यात लॉन खरवडून चार इंच मुरूम टाकला, धुम्मसाने ठोकला आणि वर टर्फ पसरला. छपराच्या पागोळ्या थेट ग्रीनवर पडत होत्या, पण पन्हळ लावायचं कोणालाच सुचलं नाही. मुरमात माती असतेच; जुलैत ती भिजून मऊ पडली. त्यातच पाहुण्यांच्या एका घोळक्याने ग्रीनवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून रात्र जागवली. टर्फ फाटला नाही, पण खुर्च्यांच्या पायांखाली खळगे पडले. गणपती येईपर्यंत ग्रीन भाजलेल्या पापडासारखं झालं होतं. मालकाने खळग्यांवर वाळू ओतली, तर जिथे वाळू होती तिथे चेंडू अडायला लागला आणि नव्हती तिथे सटकायला. शेवटी सगळं उचकटलं. चिकटवलेला जोड सुटताना टर्फचा पाठचा थर फाटला, त्यामुळे टर्फही नवा घ्यावा लागला.

४ मीटर बाय ८ मीटरचं ग्रीन धरा. सहा इंच खोदायचं, तळाला जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, म्हणजे खडी मातीत रुतत नाही. त्यावर दाबून १० सेंमी भरेल इतकी पाऊण इंची खडी. सुटी मोजली तर साधारण दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). वर दाबून ४ सेंमी कच (दगडाचा बारीक चुरा), सुटी मोजली तर अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त. दोन्ही थर प्लेट कॉम्पॅक्टरनेच, म्हणजे थरथरून दाबणाऱ्या यंत्रानेच, बसवायचे. कच किंचित ओली करून दोन थरांत दाबायची. कोरडी कच कितीही ठोकली तरी बसत नाही. आडव्या ४ मीटरला ४ ते ६ सेंमी उतार द्यायचा, तोही घरापासून लांब. नाशिककडे काळी माती लागली तर फूटभर खोदून ती काढूनच टाका. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

टर्फ अंथरण्याआधी उघड्या कचेवर गोल्फचा चेंडू सोडून बघा. तिथे तो उडाला किंवा उगाच वळला, तर टर्फवरही तेच करणार. टाचेने दाबल्यावर खूण उमटली तर कॉम्पॅक्टर परत फिरवा. ही तपासणी अर्ध्या तासाची असते, तरी नेमकी तीच गाळली जाते.

काही जण "पक्कं काम" म्हणून पीसीसी, म्हणजे सळ्या नसलेलं साधं काँक्रीट, ओततात. चालतं, पण उतार आणि कपाखालचा (चेंडू पडायच्या भोकातल्या वाटीखालचा) निचरा काँक्रीट ओतण्याआधी ठरलेला हवा. नंतर ब्रेकर आणून भोकं पाडण्यात शहाणपण नाही.

बाल्कनीत टाकतात तो ३५-४० मिमीचा मऊ टर्फ ग्रीनला चालत नाही. चेंडू त्यात रुततो. १२-१५ मिमीचा, दाट, पुटिंगचाच टर्फ मागा. रोल २ मीटर रुंद मिळाला तर वरच्या मापाला मधोमध एकच जोड येतो, आणि दुसरी लाडकी चूक तिथेच होते. दोन्ही पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा. टर्फ वाचवायला एक पट्टी उलटी फिरवली की एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट दिसतं. फोटोतही ते लपत नाही, आणि चेंडूचा वेगही जोडापाशी बदलतो.

रोल आधी दोन-तीन तास उन्हात उघडून ठेवा, घड्या आपोआप बसतात. कडेच्या शिलाईच्या दोन-तीन ओळी पाठीमागून, दोन ओळींच्या मधल्या रेषेत कापून टाका. जोडाखालची पट्टी १ फूट रुंद, गोंद पॉलियुरेथेनचा. गोंद पात्यांवर आला की तिथे कायमचा खरबरीत ठिपका राहतो. आणि हे काम पावसाळी हवेत करू नका. दमटपणाने हा गोंद फेसाळतो आणि जोड वर उचलतो.

टर्फच्या पात्यांमध्ये भरायची वाळू सिलिकाचीच, धुतलेली, कोरडी, गोल दाण्याची. साधारण चौरस मीटरला १० किलो, म्हणजे या ग्रीनला ५० किलोच्या सहा-सात गोण्या. एकदम ओतू नका, चार-पाच वेळा थोडी थोडी पसरून दर वेळी कडक ब्रश फिरवा. बांधकामाची वाळू घातली तर तिच्यातली माती पहिल्या पावसात शेवाळाला आमंत्रण देते.

कपाचं भोक १०८ मिमीचं. कपाखाली फूटभर खड्डा खणून खडी भरा, नाहीतर पावसात कप पाण्याने भरून राहतात. कपाची कड कचेच्या पातळीवर ठेवा, वर आली की चेंडू उडून बाहेर जातो. जोडावर कप नको, काठापासून दोन फुटांच्या आतही नको.

दिव्यांची वायर लागणार असेल तर पाइप खडीआधी टाका.

आता पाहुण्यांचं. भाड्याच्या बंगल्यात गोल्फ खेळणारे थोडे, फोटो काढणारे जास्त. पटर (चेंडू ढकलायच्या काठ्या) चार पुरेत: दोन उजव्या हाताचे, एक डावखुरा, एक लहान मुलांचा. वेज आणि आयर्न, म्हणजे चेंडू उंच उडवायच्या लोखंडी काठ्या, बंगल्यावर ठेवूच नका. एका फटक्यात टर्फचा तुकडा उडतो. बार्बेक्यूची शेगडी आणि हुक्का ग्रीनपासून लांब. निखारा पडला की प्लास्टिक वितळतं, डाग पुसता येत नाही, तुकडाच बदलावा लागतो. त्यासाठी उरलेला टर्फ फेकू नका, गुंडाळून माळ्यावर ठेवा. हळदी समारंभाचं बुकिंग असेल तर चौरंग ग्रीनवर मांडू देऊ नका. नायलॉन हळद धरून ठेवतं. डाग लागलाच तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवा, उरलेला पिवळेपणा उन्हाने हळूहळू उतरतो.

पूर्ण पावसाळा ताडपत्री टाकून ठेवणं हीदेखील चूकच, खाली हवा कोंडते आणि शेवाळ धरतं. केअरटेकरच्या हातात खराटा देऊ नका, नायलॉनचा ब्रश द्या आणि पात्यांच्या कलाविरुद्ध फिरवायला सांगा. काचेच्या मोठ्या खिडकीवरून दुपारचं ऊन परावर्तित होऊन एकाच पट्ट्यात टर्फ आकसत असेल तर दोष टर्फचा नाही. काचेला बाहेरून जाळी लावा.

चेंडू रेंगाळतोय? वाळू कमी आहे, अर्धी गोणी घालून ब्रश करा. नेहमी एकाच बाजूला वळतोय? पाणसळ लावून उतार बघा. वाळू घालून तो सरळ होणार नाही. तेवढा भाग उचलून कच नीट करा.